एक ‘पोस्ट’, तीन घराणी

‘पोस्ट’ हा शब्द मूळचा इंग्रजी आहे, हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला मुद्दाम आठवण करून द्यावे लागते, इतका तो इथल्या बोलण्यात मुरलेला आहे. जुनी माणसे त्याचा उच्चार ‘पोष्ट’ असा करतात आणि आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला पोष्टात जातात. अभ्यासिकेत दिवस काढणारी मुले ‘यंदा पोस्ट कमी निघाल्या’ म्हणून हळहळतात. सुट्टीवर गावी आलेल्या फौजीला ‘सध्या पोस्टिंग कुठं?’ हा प्रश्न एसटी स्टँडपासून घरापर्यंत चारचौघे तरी विचारतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात पोस्टमार्टमच्या कागदासाठी नातेवाईक ताटकळत उभे असतात, तालमीशेजारच्या मैदानात चेंडू गोलपोस्टला लागून परत येतो, आणि या सगळ्यावर कोणी ना कोणी मोबाइलवर पोस्ट टाकतच असतो. टपाल, नोकरी, खांब, मृत्यूनंतरची तपासणी आणि मोबाइलवरचा मजकूर एवढ्या पाच गोष्टी एकाच शब्दात कशा मावतात, याचे सरळ उत्तर असे की तो एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या मुळांतून निघालेले तीन शब्द इंग्रजीत झिजत झिजत एकाच रूपाला येऊन ठेपले आहेत.

हा प्रकार समजण्यासाठी मराठीतला ‘पान’ हा शब्द पुरेसा आहे. झाडाचे पान, विड्याचे पान, वहीचे पान आणि पंगतीत मांडलेले जेवणाचे पान ही चारही पाने संस्कृत ‘पर्ण’ या एकाच शब्दापासून आली आहेत. लोक पूर्वी पानावर जेवत आणि पानावर लिहीत, म्हणून अर्थ पसरत गेला. परंतु ‘मद्यपान’ किंवा ‘जलपान’ यांतले पान या घराण्यातले नाही. त्याचे मूळ ‘पिणे’ या अर्थाच्या धातूत आहे, आणि दोन्ही शब्दांचा उच्चार सारखा झाला हा निव्वळ योगायोग आहे. एका शब्दाला अनेक अर्थ फुटणे आणि अनेक शब्द एकासारखे ऐकू येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि ‘पोस्ट’मध्ये त्या दोन्ही एकाच वेळी घडलेल्या आहेत. त्यामुळेच इंग्रजीचे चांगले शब्दकोश ‘पोस्ट’ची एकच लांबलचक नोंद न देता आकडे घालून स्वतंत्र नोंदी देतात.

पहिले घराणे खांबाचे. लॅटिन भाषेत ‘पोस्तिस’ म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. हा शब्द फार लवकर, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतच, रुजला होता. आपल्याकडे ज्याला लाइटीचा डांब म्हणतात तो इंग्रजीत ‘लॅम्प पोस्ट’, फाटकाचा खांब ‘गेट पोस्ट’, आणि पलंगाचे चार उंच खूर वर जाऊन मच्छरदाणीला आधार देत असतील तर ते ‘बेड पोस्ट’. तासगावकडच्या द्राक्षबागेत वेलींचा मांडव पेलणारे खांबही इंग्रजीत पोस्टच ठरतील. ठार बहिऱ्या माणसाला इंग्रज ‘पोस्टासारखा बहिरा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात टपाल कचेरी नसते, खांब असतो. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे मारण्याला तो ‘पिलरकडून पोस्टकडे’ धाडणे म्हणतो, तिथेही दोन्ही खांबच आहेत.

याच खांबाने निवडणुकीच्या परिभाषेत एक जागा पटकावली आहे. लोकसभेला आणि विधानसभेला आपण ज्या पद्धतीने मतदान करतो, तिला इंग्रजीत ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट’ असे नाव आहे. हे नाव घोड्यांच्या शर्यतीतून आले आहे. शर्यतीच्या शेवटी एक खांब रोवलेला असतो आणि जो घोडा तो खांब सर्वांत आधी ओलांडेल तो जिंकतो; मागचा घोडा किती अंतराने मागे होता याला महत्त्व नसते. आपल्या मतदारसंघातही सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार निवडून येतो, मग ती मते निम्म्याहून कमी का असेनात. गंमत एवढीच की शर्यतीत खांब ठरलेल्या जागी असतो, तर या पद्धतीत किती मतांवर जिंकता येईल ही रेषा आधी ठरलेलीच नसते. त्यामुळे हे नाव ऐकायला झकास असले तरी तर्काच्या दृष्टीने काहीसे लंगडे आहे.

‘पोस्टर’ हा शब्दही याच कुळातला. फरसबंद पदपथ होण्यापूर्वी लंडनच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांना घोडागाड्यांपासून वाचवण्यासाठी कडेने खांब रोवलेले असत. खेळाच्या जाहिराती, दवंडीवजा सूचना, हरवल्या-सापडल्याच्या चिठ्ठ्या याच खांबांवर लावल्या जात. सतराव्या शतकात ‘पोस्ट करणे’ याचा एक अर्थ ‘खांबावर सूचना लावणे’ असा रूढ झाला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात लावलेल्या कागदालाच ‘पोस्टर’ म्हणू लागले. सांगलीसारख्या नाटकवेड्या गावात नव्या प्रयोगाचे पोस्टर चौकाचौकांत लागते, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात हा जुना खांब दडलेला असतो. बरेच जण पोस्टरचा संबंध टपालाशी जोडतात, तो मात्र बरोबर नाही.

दुसरे घराणे सर्वांत मोठे आणि, माझ्या मते, सर्वांत रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे आणि ‘पोसितुस’ म्हणजे ठेवलेला. इटालियन भाषेत यापासून ‘पोस्ता’ आणि ‘पोस्तो’ अशी दोन रूपे झाली. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी. ती फ्रेंचमधून इंग्रजीत गेली आणि इंग्रजीत नामांना व्याकरणातले लिंग नसल्यामुळे तिथे दोन्ही मिळून एकच ‘पोस्ट’ उरला. त्यातल्या ‘पोस्ता’पासून टपाल आले आणि ‘पोस्तो’पासून नोकरी.

टपालाचा आणि ‘ठेवण्या’चा संबंध काय, हे समजण्यासाठी घोड्यांकडे पाहावे लागते. दूरच्या राजाकडे निरोप लवकर पोचवायचा तर एकच घोडा एका दमात जाऊ शकत नाही. म्हणून वाटेत ठरावीक अंतरांवर ताजे घोडे आणि ताजे स्वार ‘ठेवलेले’ असत. अशी ठेवलेली चौकी म्हणजे पोस्ता. पुढे चौकीचे नाव स्वाराला मिळाले, स्वाराचे त्याच्याजवळच्या पत्रांना, पत्रांचे ती नेणाऱ्या सगळ्या व्यवस्थेला आणि व्यवस्थेचे अखेरीस कचेरीला. इटलीतल्या तासिस नावाच्या घराण्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकपासून आजच्या बेल्जियममधल्या मेखलेनपर्यंत अशी चौक्यांची साखळी चालवली होती. सोळाव्या शतकातल्या तातडीच्या इंग्रजी पत्रांवर ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असे लिहीत. त्यातला पोस्ट म्हणजे पत्र नव्हे, स्वार. ‘धाव, जासुदा, धाव’ असाच त्याचा भाव आहे. त्यातूनच ‘पोस्ट-हेस्ट’, म्हणजे अत्यंत तातडीने, हा प्रयोग तयार झाला.

शब्द युरोपातला असला तरी व्यवस्था तेवढ्यापुरती नव्हती. चौदाव्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता याने मुहम्मद तुघलकाच्या काळातल्या दोन प्रकारच्या टपालाचे वर्णन केले आहे. एक घोड्यांचे, आणि दुसरे पायी धावणाऱ्या माणसांचे, ज्यांच्या हातातल्या काठीला घुंगरू बांधलेले असत, म्हणजे त्यांचा आवाज ऐकून पुढच्या टप्प्यावरचा माणूस आधीच तयार होई. पायी टपाल घोड्यांपेक्षा वेगवान होते असे तो लिहितो, कारण त्याचे टप्पे फारच जवळजवळ होते. मराठेशाहीत हे काम जासूद, हरकारे आणि सांडणीस्वार करीत. साताऱ्याला छत्रपतींची गादी आणि पुण्याला पेशव्यांचा कारभार अशी व्यवस्था असताना या दोन गावांमधली वाट जासुदांच्या पायांखाली किती मळली असेल, याची कल्पना करता येते. मराठीतला ‘टपाल’ हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. उत्तरेत ‘डाक’ चालतो, परंतु कन्नड, तमिळ आणि मल्याळम या दक्षिणी भाषांत ‘टपाल’चेच भाऊबंद शब्द आहेत, म्हणजे या बाबतीत मराठीचे तोंड दक्षिणेकडे आहे.

आधुनिक टपालखात्याच्या आणि साताऱ्याच्या इतिहासात एक चमत्कारिक सांधा आहे. बार्टल फ्रियर नावाचा इंग्रज अधिकारी सातारा संस्थानात रेसिडेंट होता. १८४८ साली महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे निधन झाले, आणि औरस वारस नसल्याचे कारण पुढे करून गव्हर्नर जनरल डलहौसीने संस्थान खालसा केले. दत्तक वारस नामंजूर करण्याच्या त्याच्या धोरणाचा पहिला मोठा बळी सातारा हाच. फ्रियर पुढे सिंधमध्ये गेला आणि तिथे त्याने १८५२ मध्ये ‘सिंध डाक’ नावाची चिकट तिकिटे काढली, जी आशियातली पहिली टपाल तिकिटे मानली जातात. दोनच वर्षांनी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, त्याच डलहौसीच्या कारकिर्दीत सबंध हिंदुस्थानासाठी एकसारखे दर आणि एकसारखी तिकिटे लागू झाली; पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, ते देशात कितीही दूर जाणार असले तरी, अर्धा आणा. साताऱ्याचे राज्य बुडवणारा आणि साताऱ्याच्या पत्राला अर्ध्या आण्यात पेशावरला पोचवणारा माणूस एकच होता, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा एका पानावर वाचायला मिळत नाही.

१ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये टपालातून मनीऑर्डर पाठवण्याची सोय झाली. जावळी, पाटण, माण, खटाव या भागांतल्या ज्या घरांतली कर्ती माणसे मुंबईच्या गिरण्यांत किंवा गोदीत राबत होती, त्या घरांना ‘पोस्ट’ म्हणजे कचेरीपेक्षा पोस्टमन अधिक परिचित, कारण महिन्याचा पैसा त्याच्याच पिशवीतून येत असे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिनकोड हे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचे काम, आणि हे वेलणकर संस्कृतचे कवीही होते. साताऱ्याचा पिन ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. पहिले तीन अंक टपालाची छाननी करणारा विभाग दाखवतात, आणि तो विभाग जिल्ह्याच्या हद्दीला बांधलेला नसतो. म्हणूनच विटा सांगली जिल्ह्यात असूनही त्याचा पिन ४१५ ने सुरू होतो आणि रत्नागिरीचाही ४१५ नेच.

आता ‘पोस्तो’. याचा मूळ अर्थ ठेवलेली जागा. शिपायाला जिथे पहाऱ्यावर ठेवले ती त्याची पोस्ट. तिथून न हलणे हे त्याचे कर्तव्य. सीमेवरची चौकी, रस्त्यावरचा चेकपोस्ट आणि फौजेतले पोस्टिंग हे सगळे इथून निघाले. मिलिटरी अपशिंगे हे लष्करी परंपरेचे नाव मिरवणारे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे या अर्थाची फोड करून सांगण्याची गरज नाही. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस शिपायाची जागा हा अर्थ ताणून नोकरीतल्या कोणत्याही हुद्द्याला लागू झाला. मराठीने हीच वाट स्वतंत्रपणे धरलेली आहे. आपणही ‘तलाठ्याच्या जागा निघाल्या’, ‘जागा भरल्या’, ‘राखीव जागा’ असेच म्हणतो, आणि इटालियन माणूस आजही बसायच्या जागेला आणि नोकरीला एकच शब्द, ‘पोस्तो’, वापरतो. संस्कृत ‘स्थान’पासून आलेले आपले ‘ठाणे’ही याच विचाराचे: जिथे माणसे तैनात करून ठेवली आहेत ती जागा.

फ्रेंचने इटालियनमधली दोन्ही लिंगे जपली आहेत. त्या भाषेत स्त्रीलिंगी ‘पोस्त’ म्हणजे टपाल आणि पुल्लिंगी ‘पोस्त’ म्हणजे नोकरी किंवा चौकी. इंग्रजीने हा भेद पुसून टाकला होता, आणि इंग्रजीकडून शब्द घेणाऱ्या मराठीला तो कळण्याचे काही कारण नव्हते. तरीही आपण ‘पोस्ट उघडलं का?’ असे नपुंसकलिंगात विचारतो आणि ‘चांगली पोस्ट मिळाली’ असे स्त्रीलिंगात सांगतो. कचेरीचे नपुंसकलिंग ‘ऑफिस’वरून आणि हुद्द्याचे स्त्रीलिंग ‘जागा’वरून आले असावे असे मला वाटते. कारण काहीही असो, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी फुटलेल्या दोन फांद्या मराठी बोलणाऱ्यांनी लिंगभेदाने पुन्हा वेगळ्या केल्या आहेत. परभाषेतला शब्द घेताना मराठी बिघडते अशी तक्रार करणाऱ्यांनी या शिस्तीकडेही पाहायला हरकत नाही.

सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत रोजकीर्दीतली नोंद खातेवहीत घेणे म्हणजे खतावणी, आणि तिलाही इंग्रजीत ‘पोस्टिंग’ म्हणतात. ‘कीप मी पोस्टेड’, म्हणजे मला वेळोवेळी कळवत राहा, हा प्रयोग या हिशेबाच्या भाषेतून आलेला आहे. ज्याची खतावणी आजपर्यंतची पूर्ण आहे अशा खात्यासारखी माझी माहिती ताजी ठेव, असा त्याचा अर्थ. ‘पोनेरे’चे गोत इथेच संपत नाही. खाली ठेवलेले ते ‘डिपॉझिट’, आणि त्याच लॅटिन शब्दाचे फ्रेंच रूप म्हणजे ‘डेपो’, त्यामुळे सांगलीचा एसटी डेपो आणि बँकेतली मुदत ठेव हे शब्दांच्या नात्याने सख्खे आहेत. एकत्र ठेवलेले ते ‘कंपोस्ट’, म्हणजे पाचट, शेण आणि पालापाचोळा एकावर एक रचून उसाच्या शेताकडेला केलेला खताचा ढीगसुद्धा पोस्टमनच्या भावकीत येतो.

तिसऱ्या घराण्याबद्दल फार लिहावे लागणार नाही, कारण त्यात गुंतागुंत कमी आहे. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ हे अव्यय ‘नंतर’ या अर्थाने आहे. पोस्टमार्टम म्हणजे मृत्यूनंतर. ‘तपासणी’ हा शब्द त्यात मुळात नाही, तो वापरात गळून गेला. घड्याळातले पी.एम. म्हणजे मध्यान्हानंतर, आणि दवाखान्यातले पी.एम. म्हणजे मृत्यूनंतर. पोस्ट-ग्रॅज्युएट म्हणजे पदवीनंतरचा, आणि मराठीतला ‘पदव्युत्तर’ नेमका तेच सांगतो, फक्त लॅटिनचा ‘पोस्ट’ शब्दाच्या डोक्यावर बसतो आणि आपला ‘उत्तर’ शेपटाला: मरणोत्तर, स्वातंत्र्योत्तर, युद्धोत्तर. मोबाइलचे पोस्टपेड कनेक्शन म्हणजे वापरून झाल्यावर पैसे देण्याचे. पोस्टात जाऊन पैसे भरण्याशी त्याचा संबंध नाही.

‘मरणोत्तर’साठी इंग्रजीत जो ‘पॉस्थ्युमस’ शब्द आहे, त्याच्या स्पेलिंगमधला ‘एच’ चुकीने आलेला आहे. मूळ लॅटिन शब्द ‘पोस्तुमुस’, अर्थ ‘सर्वांत शेवटचा’. लॅटिनमध्ये ‘हुमुस’ म्हणजे माती, आणि मृत माणूस मातीत जातो, म्हणून लोकांनी मधे ‘ह’ आहे असे गृहीत धरले. तो आता इंग्रजीत लिहिला जातो, उच्चारात मात्र ऐकू येत नाही.

दुसरे आणि तिसरे घराणे एकाच शब्दात पाहायचे असतील तर ‘पोस्टपोन’ पाहावा. त्यातला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, आणि ‘पोन’ म्हणजे तेच ‘पोनेरे’, ठेवणे. नंतर ठेवणे, म्हणजेच पुढे ढकलणे. परीक्षा पोस्टपोन झाली म्हणून ज्या मुलांची पोस्ट लांबणीवर पडते, त्यांच्या वाक्यातले हे दोन पोस्ट दिसायला सारखे असले तरी परस्परांना अनोळखी आहेत. पहिल्या शब्दाचा शेवट आणि दुसरा शब्द मात्र एका रक्ताचे आहेत.

राहिला मोबाइलवरच्या पोस्टचा प्रश्न. ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, लोकांपर्यंत पोचते, म्हणून तिचे मूळ टपालात असावे असा समज सहज होतो. परंतु टपालातले पत्र एकाने एकाला लिहिलेले आणि पाकिटात बंद असते, तर पोस्ट येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही वाचावी म्हणून लावलेली असते. संगणकांच्या जाळ्यावरच्या सुरुवातीच्या सामायिक जागांना सूचनाफलकाचेच नाव होते, आणि फलकावर कागद लावण्याला इंग्रजीत जे क्रियापद आधीपासून होते तेच तिथे गेले. म्हणजे ही पोस्ट लंडनच्या रस्त्याकडेच्या खांबाची, पोस्टरची बहीण आहे. मराठीत ती आली तेव्हा मात्र आपण तिच्यासाठी ‘लावणे’ हे क्रियापद घेतले नाही. पोस्टर आपण लावतो, फलक लावतो, पण पोस्ट ‘टाकतो’, आणि हे ‘टाकणे’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाल पेटीत पडणाऱ्या पत्रासाठी वापरलेले आहे.